दोन लाख किलोमीटरच्या उंबरठ्यावरची गोल्फ जीटीआय: कोणतं काम आधी, कोणतं नंतर

प्रश्न थोडक्यात असा: पाचव्या पिढीची फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय, २.० टीएफएसआय टर्बो पेट्रोल इंजिन, सहा गिअरचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक) गिअरबॉक्स, मीटरवर १ लाख ९० हजार किलोमीटर. आधीच्या मालकाकडून मिळालेली सर्व्हिसची कागदपत्रं अर्धवट. सकाळी थंड असताना गाडी मिनिटभर मिसिंग करते, मग सुरळीत चालते. एकदा चेक इंजिनचा दिवा लागून पी२२९३ हा पेट्रोलच्या दाबातल्या दोषाचा कोड आला होता, तो पुसल्यावर परत आलेला नाही. पिकअप चांगला आहे. ही गाडी अजून लाखभर किलोमीटर रोज चालवण्याच्या भरवशाची आहे का, आणि सुरुवात कुठून करावी?

भरवशाची आहे. या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आहे. क्रँक, कनेक्टिंग रॉड आणि बेअरिंगांना वेळेवर चांगलं ऑइल मिळालं असेल, तर एवढ्या किलोमीटरला ती दमत नाहीत. दमतात ते वरचे छोटे भाग. आणि या गाडीची खोडच अशी आहे की छोटा स्वस्त भाग संपला की शेजारचा महाग भाग सोबत घेऊन जातो. म्हणून आज काय खटकतंय एवढ्यावरून कामाचा क्रम लावू नका. 'हे तुटलं तर इंजिन जाईल का?' हा प्रश्न प्रत्येक भागाला विचारा आणि 'हो' उत्तर येणारे भाग आधी उरका. दुसरा नियम: ज्या कामाचा कागद नाही ते काम झालेलं नाही असं धरून चाला. 'बेल्ट बदललाय बहुतेक' या वाक्यावर इंजिन पणाला लावायचं नसतं.

तुमच्या प्रश्नात सगळ्यात जास्त काळजी वाटते ती त्या पुसलेल्या पी२२९३ ची. थंड मिसिंगचं काम नंतर केलं तरी चालेल, या कोडचं काम लांबवता येणार नाही.

कॅम फॉलोअर: आधी हे, मग बाकी सगळं

या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये उडवलं जातं आणि त्यासाठी भार आल्यावर शंभर बारच्या आसपास दाब लागतो. तो दाब तयार करणारा पंप सिलिंडर हेडच्या टोकाला बसवलेला आहे आणि इन्टेक कॅमशाफ्टच्या टोकावरचा तीन उंचवट्यांचा कॅम त्याला ढकलतो. कॅम आणि पंपाची दांडी यांच्यामध्ये वाटीच्या आकाराचा एक छोटा भाग असतो, तो कॅम फॉलोअर. त्याला रोलर नाही. कॅम त्याच्या तळावर घासतच फिरतो, मध्ये असतो फक्त ऑइलचा पातळ थर. इंजिन ३००० आरपीएमवर असताना कॅमशाफ्ट १५०० वर फिरतो, म्हणजे मिनिटाला ४५०० वेळा तो या वाटीला दाबतो. ऑइल जुनं, पातळ किंवा कमी असलं तर पहिली झीज इथे होते.

ही झीज टप्प्याटप्प्याने होते आणि डोळ्यांना दिसते. नव्या फॉलोअरच्या तळावर काळा कडक लेप असतो. आधी मध्यभागी लेप उडून चकाकतं स्टील दिसतं. मग तिथे खळगा पडतो. मग तळाला भोक पडतं आणि पंपाची दांडी सरळ कॅमवर घासायला लागते. तेव्हा पंपाला पुरेसा झोका मिळत नाही, दाब पडतो आणि पी२२९३ येतो. इथवर आल्यावर फॉलोअर गेलेलाच असतो, शिवाय पंप आणि कॅमशाफ्टही जाण्याच्या वाटेवर असतात. हा कोड इतर कारणांनीही येतो, पण फॉलोअर न पाहता इतर कारणं शोधणं म्हणजे उलट्या टोकाने सुरुवात करणं. पाहून होईपर्यंत गाडी उभी ठेवा.

काम अर्ध्या-पाऊण तासाचं आहे, पण पेट्रोलचा दाब आणि आग यांच्याशी गाठ आहे, म्हणून घाई नको. टाकीतल्या पंपाचा फ्यूज काढून इंजिन चालू करा आणि ते आपोआप बंद पडू द्या. म्हणजे लाइनमधला दाब उतरतो. फ्यूज काढणं टाळून 'इंजिन रात्रभर थंड केलं, झालं' असं समजू नका, कारण या गाडीत ड्रायव्हरचं दार उघडलं की टाकीतला पंप लाइनमध्ये पुन्हा दाब भरतो. इंजिन पूर्ण गार झाल्यावर पंपाभोवती जाड फडकी गुंडाळा, लाइनचा नट १७ च्या पान्याने हळू सैल करा आणि निघणारं पेट्रोल फडक्यात जिरू द्या. वायरींचे सॉकेट काढा. पंप तीन बोल्टांवर असतो आणि आत दाबलेली स्प्रिंग असते. तिन्ही बोल्ट आळीपाळीने पाव-पाव आटा सैल करत या. एक बोल्ट पूर्ण काढला तर पंप तिरका होतो आणि राहिलेल्या बोल्टांचे आटे ॲल्युमिनियममधून खेचले जातात. पंप निघाला की फॉलोअर भोकात राहतो, तो चुंबकाने वर ओढा.

आता तळ उजेडात धरा. काळा लेप शाबूत असेल आणि मध्ये थोडी चमक असेल तरी आता उघडलंच आहे, तर नवाच टाका. हा भाग स्वस्त आहे. त्याहून महत्त्वाचं, भोकात टॉर्च मारून कॅमचे तिन्ही उंचवटे पाहा. इंजिन क्रँकच्या बोल्टवर पाना लावून, घड्याळाच्या दिशेने हाताने फिरवत एकेक उंचवटा समोर आणा. पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत हवा. नख अडकेल एवढी चर, कड किंवा खवले दिसले तर कॅमशाफ्ट बदलणं आलं. खराब कॅमवर नवा फॉलोअर बसवला तर तो काही हजार किलोमीटरमध्ये संपतो, आणि 'नवीन भागच नकली निघाला' असा चुकीचा निष्कर्ष निघतो. पंपाच्या दांडीचं टोकही पाहा. ते मशरूमसारखं पसरलं असेल तर पंपही बदला.

बसवताना फॉलोअरला आत-बाहेर ऑइल लावा, पंपाची ओ-रिंग नवी घ्या आणि कॅमचा सखल भाग फॉलोअरसमोर येईल असं इंजिन फिरवून ठेवा. मग स्प्रिंग कमीत कमी दाबावी लागते आणि पंप सरळ बसतो. तिन्ही बोल्ट पुन्हा आळीपाळीने आवळा. हे एम ६ चे बोल्ट आहेत, १० न्यूटन-मीटर पुरे. इंजिन सुरू केल्यावर पाच मिनिटं पंपापाशी उभं राहून पेट्रोलचा वास आणि ओल तपासा. यानंतर दर १५,००० किलोमीटरला फॉलोअर पाहायचा. ताकद वाढवण्यासाठी गाडीचं मॅपिंग (इंजिनाचं सॉफ्टवेअर) बदललेलं असेल तर १०,००० ला.

टायमिंग बेल्ट

या इंजिनात बेल्ट तुटला की वाल्व आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात. कंपनीने बेल्टला बरंच लांबचं अंतर दिलं होतं, युरोपात १ लाख ८० हजार किलोमीटरपर्यंतचं. पण रबर किलोमीटरबरोबर वर्षांनीही म्हातारं होतं, आणि ही गाडी २००४ ते २००८ च्या दरम्यानची आहे. १ लाख किलोमीटर किंवा पाच-सहा वर्षं, जे आधी येईल ते, असा हिशेब ठेवा. तुमच्याकडे कागद नाही, म्हणजे काम आता करायचं.

फक्त बेल्ट बदलणं म्हणजे अर्धं काम. बेल्ट बहुतेक वेळा स्वतःहून तुटत नाही. टेन्शनरचं किंवा रोलरचं बेअरिंग अडकतं आणि त्यात तो जातो. पाण्याचा पंप याच बेल्टवर फिरतो, तो गळायला लागला तर कूलंट बेल्टवर येतं. म्हणून बेल्ट, टेन्शनर, सगळे रोलर आणि पाण्याचा पंप एकत्र बदला. हात तिथवर पोचलेलाच असतो, म्हणून थर्मोस्टॅटही त्याच वेळी करून घ्या. कॅमशाफ्ट किंवा क्रँकच्या पुढच्या सीलमधून ऑइल पाझरत असेल तर ते आधी थांबवा, कारण ऑइल लागलेला नवा बेल्टही फुगून लवकर जातो. इंजिन माउंटिंगचे आणि क्रँक पुलीचे ताणून बसवायचे बोल्ट परत वापरायचे नसतात, नवे घ्या.

एक बारकावा मेकॅनिकला आधी सांगून ठेवा. या इंजिनाचा क्रँकवरचा दातेरी चाक पूर्ण गोल नाही, किंचित अंडाकृती आहे. बेल्टमधले झटके कमी व्हावेत म्हणून ते मुद्दाम तसं केलं आहे. त्यामुळे बेल्टचा ताण इंजिनाच्या स्थितीप्रमाणे बदलतो. खुणा अचूक जुळवून, नेमून दिलेल्या जागीच ताण लावायचा. बसवून झाल्यावर इंजिन हाताने पूर्ण दोन फेऱ्या फिरवून खुणा पुन्हा जुळतात का ते पाहायचं. फेऱ्या न फिरवता सेल्फ मारू देऊ नका.

हेडच्या दुसऱ्या टोकाला दोन कॅमशाफ्टना जोडणारी एक छोटी चेन आहे, ती बेल्टच्या कामात दिसत नाही. थंड सुरुवातीला त्या बाजूने दोन-चार सेकंदांपेक्षा जास्त खडखड आली तर तिचा टेन्शनर तपासा. बेल्टच्या खर्चामुळे पुढच्या पिढीची, चेनवाली जीटीआय घ्यायला हवी होती असं वाटत असेल, तर ते मनातून काढा. त्या इंजिनाच्या सुरुवातीच्या मॉडेलमध्ये मुख्य चेनचा टेन्शनर न सांगता सैल पडतो आणि इंजिन संपतं. बेल्ट निदान ठरल्या वेळी बदलता येतो.

ऑइल

फिल्टरसह ४.६ लिटर. ऑइलच्या डब्यावर व्हीडब्ल्यू ५०२ ०० किंवा ५०४ ०० हे प्रमाण छापलेलं असलं पाहिजे. नुसतं ५डब्ल्यू-४० असं लिहिलेलं पुरत नाही. लाँग लाइफच्या ३०,००० किलोमीटरच्या वेळापत्रकाचा या वयाच्या इंजिनाला उपयोग नाही. १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, आणि दर वेळी फिल्टर. वर फॉलोअरबद्दल जे लिहिलं त्याचं मूळ कारण हेच आहे.

इंजिन ऑइल पितं का, हे अंदाजाने सांगू नका, मोजा. सपाट जागी, गरम इंजिन बंद करून पाच मिनिटांनी डिपस्टिकवरची पातळी टिपून ठेवा, १००० किलोमीटरनंतर तसंच मोजून किती ओतावं लागलं ते लिहा. कंपनी १००० किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंत चालतं असं म्हणते, पण निरोगी इंजिन त्याच्या बरंच खाली राहतं. जास्त लागत असेल तर धूर कधी येतो ते पाहा. रात्रभर उभी राहून सकाळी पहिल्या सेकंदाला निळा भपका आला तर वाल्वची सीलं. लांब उतारावर पाय काढून परत रेस केल्यावर आला तरी तेच किंवा वाल्व गाइड. पूर्ण रेसमध्ये सतत येत असेल तर रिंगा किंवा टर्बो. पण इंजिन उघडण्याआधी पुढे सांगितलेला पीसीव्ही (क्रँककेसमधली वाफ परत इन्टेककडे नेणारा वाल्व) तपासा, कारण बऱ्याच वेळा दोषी तोच असतो.

ऑइल प्रेशरचा लाल दिवा क्षणभर जरी लागला तरी जागेवर इंजिन बंद. जुन्या गाळाने ऑइलच्या टाकीतली जाळी तुंबली की ऑइलची पातळी बरोबर असूनही दाब पडतो. गळतीच्या निमित्ताने टाकी कधी उतरवली तर जाळी साफ केल्याशिवाय ती परत चढवू नका.

सकाळचं मिसिंग

तुम्ही सांगताय ते लक्षण इन्टेक वाल्ववर साठलेल्या काजळीचं आहे. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल उडत असल्यामुळे ते वाल्वच्या पाठीवरून कधी वाहतच नाही. उलट क्रँककेसमधून येणारी ऑइलची वाफ तिथे भाजून बसते. जुन्या पद्धतीच्या इंजिनात पेट्रोलच वाल्व धुतं, इथे ती सोय नाही. म्हणूनच टाकीत ओतायच्या क्लीनरचा या काजळीवर शून्य परिणाम होतो. तो इंजेक्टरला उपयोगी असेल, वाल्वपर्यंत पोचतच नाही. हवेच्या पाइपातून मारायचे फवारे कोवळ्या थरावर थोडं काम करतात, लाखभर किलोमीटरचा दगड झालेला थर त्यांना दाद देत नाही.

पण काजळी साफ करायला इन्टेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटणारा पाइप) उतरवण्याआधी स्वस्त शंका मिटवा. स्कॅनरवर कोणता सिलिंडर मिसिंग करतो ते पाहा: पी०३०१ म्हणजे पहिला, पी०३०२ दुसरा, असं. त्या सिलिंडरची इग्निशन कॉइल शेजारच्या सिलिंडरवर लावा. कोड कॉइलबरोबर सरकला तर कॉइल खराब. नाही सरकला तर प्लगची तशीच अदलाबदल. प्लग कधी बदलले ते माहीत नसेल तर चारही नवे टाका, नंतर दर ६०,००० किलोमीटरला. प्लग नेहमी गार इंजिनावर काढायचे, कारण हेड ॲल्युमिनियमचं आहे आणि गरम असताना आटे सोबत येतात. कॉइलच्या सॉकेटची कुलपं या वयाला बिस्किटासारखी मोडतात, ओढू नका. आधी कॉइल थोडी वर उचला आणि मग कुलूप दाबा.

मिसिंग कधी या सिलिंडरवर तर कधी त्या, थंडीत जास्त आणि गरम झाल्यावर गायब, असं असेल तर काजळीच. अक्रोडाच्या टरफलांच्या भुकटीने ब्लास्टिंग करणं हा यावरचा खरा उपाय. मॅनिफोल्ड काढतात, ज्या सिलिंडरचे इन्टेक वाल्व पूर्ण बंद आहेत तिथे हवेच्या दाबाने भुकटी मारतात आणि व्हॅक्यूमने ओढून घेतात. ते झालं की इंजिन हाताने फिरवून पुढचा सिलिंडर. वाल्व जरासुद्धा उघडा असेल तर भुकटी सिलिंडरमध्ये उतरते, म्हणून प्रत्येक वेळी टॉर्चने खात्री करायची आणि उरलेली तोंडं फडक्याने बंद ठेवायची.

या इंजिनात इंजेक्टर मॅनिफोल्ड आणि हेड यांच्यामध्ये बसलेले असतात. मॅनिफोल्ड ओढताना काही त्याच्याबरोबर येतात, काही हेडमध्ये राहतात. जो हलला त्याचं टेफ्लॉनचं सील आणि ओ-रिंग नवी टाकायचीच. टेफ्लॉनच्या सीलला ऑइल किंवा ग्रीस लावत नाहीत. ते कोरडंच चढवून, दाबून मूळ मापाला आणावं लागतं. हे चुकलं तर ज्वलनाचा दाब इंजेक्टरच्या बाजूने निसटतो आणि मिसिंग जायच्या ऐवजी वाढतं. साधारण ६० ते ८० हजार किलोमीटरला ही सफाई लागते. ज्यांची गाडी रोज चार-पाच किलोमीटरच धावते त्यांना त्याआधीच.

याच वेळी, प्लग बाहेर असतानाच, कॉम्प्रेशन मोजून घ्या. इंजिन कोमट, पेट्रोल आणि इग्निशन बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा. आकडा किती आला यापेक्षा चारही सिलिंडर सारखे आहेत का ते बघा. दोन सिलिंडरमध्ये ३ बारपेक्षा जास्त फरक असेल तर पुढचा कोणताही खर्च थांबवून लीक-डाउन चाचणी करा. त्यात सिलिंडरमध्ये हवा भरून ती कुठून निसटते ते ऐकायचं असतं: ऑइलच्या झाकणातून आली तर रिंगा, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट वाल्व, थ्रॉटलमधून आली तर इन्टेक वाल्व, कूलंटच्या टाकीत बुडबुडे आले तर हेड गॅस्केट.

हवा, टर्बो आणि कूलंट

पीसीव्ही वाल्व इंजिनाच्या वरच्या कव्हरवर असतो. त्याचा पडदा फाटला की आयडलिंग डळमळतं आणि शिट्टीसारखा आवाज येतो. आयडलिंगवर ऑइलचं झाकण उचलून पाहा. हलकी ओढ ठीक. झाकण निघता निघत नाही आणि काढल्याबरोबर शिट्टी थांबते, तर पडदा गेला. आतला एकदिशा वाल्व गेला तर टर्बोचा दाब उलटा क्रँककेसमध्ये शिरतो आणि ऑइल सीलांमधून बाहेर ढकललं जातं. क्रँकचं मागचं सील गळतंय म्हणून गिअरबॉक्स उतरवायला सांगणाऱ्याला आधी पीसीव्ही बदलला का, हे विचारा. मूळ कारण तसंच राहिलं तर नवं सीलही गळणार.

पूर्ण रेसला गाडी दबल्यासारखी वाटली आणि पी०२९९ (टर्बोचा दाब कमी) आला, तर पहिला संशय डायव्हर्टर वाल्ववर, म्हणजे पाय काढल्यावर टर्बोचा जादा दाब वळवणाऱ्या वाल्ववर. सुरुवातीच्या वाल्वमध्ये रबरी पडदा होता, तो फाटतो. नंतर कंपनीनेच पिस्टनवाला वाल्व आणला, तोच घ्या. तो टर्बोलाच बोल्ट केलेला असतो आणि गाडी उचलून खालून काढता येतो.

व्हीसीडीएससारखा फोक्सवॅगनसाठीचा स्कॅनर असेल तर मेझरिंग ब्लॉक (आकड्यांचा गट) ०३२ हा महिन्यातून एकदा पाहावा असा आहे. पहिला आकडा आयडलिंगची पेट्रोल दुरुस्ती सांगतो, दुसरा चालत्या भाराची. आयडलिंगचा बराच अधिक आणि भाराचा शून्याजवळ असेल तर कुठेतरी हवा शिरतेय, म्हणजे पीसीव्ही, होस किंवा मॅनिफोल्डचं गॅस्केट. उलट भाराचा १० टक्क्यांच्या आसपास किंवा पुढे आणि आयडलिंगचा ठीक असेल तर पेट्रोल कमी पडतंय किंवा हवा मोजणारा सेन्सर चुकतोय. ब्लॉक ११५ मध्ये मागितलेला आणि प्रत्यक्ष मिळालेला टर्बोचा दाब शेजारी शेजारी दिसतो.

डॅशबोर्डवरच्या तापमानाच्या काट्यावर विसंबू नका. पाणी साधारण ७५ ते १०५ अंश असेपर्यंत तो ९० वर स्थिर दाखवला जातो. थर्मोस्टॅट उघडा अडकून इंजिन कायम अर्धवट गार चालत असलं तरी काटा हलत नाही, फक्त पेट्रोल जास्त लागतं आणि ऑइल लवकर खराब होतं. खरं तापमान स्कॅनरवर वाचा. जोरात चालवून इंजिन बंद केल्यावर टर्बोमधून कूलंट फिरवत राहणारा छोटा इलेक्ट्रिक पंप असतो. त्याचा बारीक गुणगुणाट ऐकू येतो का ते पाहा. तो मेला तर कोणतीही तक्रार जाणवत नाही, पण टर्बोच्या बेअरिंगमधलं ऑइल दर वेळी जळत राहतं. हेडच्या बाजूचा कूलंटचा प्लास्टिकचा फ्लँज या वयाला चिरतो, त्याच्याखाली गुलाबीसर पांढरे डाग शोधा. कूलंट जी१२++ किंवा त्याच्या पुढच्या पिढीचं, डिस्टिल्ड पाण्यात निम्मं-निम्मं. वेगळ्या जातीचं मिसळलं तर तपकिरी गाळ होतो आणि हीटरची बारीक जाळी तुंबते.

डीएसजी

तुमचा सहा गिअरचा गिअरबॉक्स ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचांचा आहे, सात गिअरच्या कोरड्या क्लचवाल्याच्या तक्रारी याला लावू नका. याला एकच गोष्ट हवी: दर ६०,००० किलोमीटरला त्याच्यासाठीच ठरवलेलं डीएसजी ऑइल आणि फिल्टर. ऑइलमध्ये क्लचची भुकटी साठते आणि तीच मेकॅट्रॉनिकच्या (गिअर आणि क्लच चालवणाऱ्या नियंत्रक भागाच्या) बारीक वाल्वांत अडकते. कागद नसेल तर हेही आताच करा.

निचरा होऊन साधारण सव्वापाच लिटर परत बसतं, पण या कामात चूक होते ती पातळी ठरवताना. खालचा बोल्ट १४ च्या ॲलन-कीने निघतो, त्याच्या आत ८ च्या ॲलनने निघणारी उभी नळी असते. निचऱ्याला ती काढायची आणि भरण्याआधी परत लावायची. ती विसरली तर पातळी ठरवायला काहीच उरत नाही. भरल्यावर इंजिन चालू ठेवून, ब्रेकवर पाय ठेवून लिव्हर प्रत्येक स्थितीत काही सेकंद ठेवा. गाडी लेव्हलमध्ये हवी. स्कॅनरवर गिअरबॉक्सचं तापमान ३५ ते ४५ अंशांमध्ये असताना बोल्ट उघडा. थेंब-थेंब आलं तर पातळी बरोबर, काहीच आलं नाही तर अजून भरा. ४५ च्या वर गेल्यावर ऑइल फुगलेलं असतं, जास्त वाहून जातं आणि गिअरबॉक्स कायमचा उपाशी राहतो. फिल्टरचं झाकण २० न्यूटन-मीटर, खालचा बोल्ट ४५, नवा वॉशर लावून. शेवटी स्कॅनरने बेसिक सेटिंग.

गिअर दाखवणारी अक्षरं एकदम लुकलुकून गाडी न्यूट्रलमध्ये गेली तर कोणते गिअर गायब झाले ते नीट लक्षात ठेवा. १, ३, ५ आणि रिव्हर्स एका क्लचवर, २, ४, ६ दुसऱ्यावर. एकच गट गेला असेल तर दुरुस्ती करणाऱ्याचा निम्मा शोध तिथेच संपतो. आयडलिंगवर गिअरबॉक्सच्या बाजूने येणारी खडखड, जी इंजिन बंद होताना जोरात होते, ती बहुधा ड्युअल-मास फ्लायव्हीलची (इंजिन आणि गिअरबॉक्समधलं, झटके शोषणारं दोन भागांचं चाक).

खालची बाजू

इथे घाईचं काही नाही, पण जीटीआय चालवायची मजा इथेच हरवते. पुढच्या लोअर आर्मचं मागचं बुश, बॉल जॉइंट, स्टॅबिलायझर लिंक, शॉकअपच्या वरची माउंटिंग हे सगळं एकदम बदलणं शहाणपणाचं, कारण अलाइनमेंट एकदाच करावी लागते. बुशचे बोल्ट गाडी लिफ्टवर लोंबकळत असताना आवळू नका. सस्पेन्शन गाडीच्या उभ्या उंचीवर आणून मग आवळा. नाहीतर गाडी खाली आल्यावर बुशचं रबर कायम पिळलेल्या अवस्थेत राहतं आणि वर्षभरात फाटतं. नवी बुशं लवकर जातात अशी तक्रार असते तिच्यामागे हेच असतं. पुढे स्टिअरिंग वळवताना 'टक्' आवाज येत असेल आणि बुशं चांगली असतील, तर सबफ्रेमचे बोल्ट नवे घालून नेमून दिल्याप्रमाणे आवळा. मागच्या स्प्रिंगची खालची कडी तुटते आणि ते वरून दिसत नाही, हात घालून चाचपा.

ब्रेकची पुढची डिस्क ३१२ मिलिमीटरची, नवी असताना २५ जाड, २२ ला बाद. मागची २८६ ची, १२ वरून १० ला बाद. मागच्या कॅलिपरचा पिस्टन नुसता दाबून आत जात नाही, फिरवत दाबावा लागतो. डिस्क बसवताना हबचा गंज तारेच्या ब्रशने साफ करा. तिथे राहिलेला बारीकसा पापुद्रा काही हजार किलोमीटरनंतर स्टिअरिंगमध्ये थरथर म्हणून जाणवतो. ब्रेक ऑइल डॉट ४, दर दोन वर्षांनी. चाकांचे बोल्ट १२० न्यूटन-मीटर.

पायाखालचं कार्पेट ओलं लागलं तर सनरूफच्या निचऱ्याच्या नळ्या किंवा दाराच्या आतल्या पत्र्याचं सील. ते वाळवून सोडून देऊ नका, कार्पेटखाली वायरिंग आहे.

मॅपिंगबद्दल, न विचारता

या गाडीचा मालक आज ना उद्या त्याकडे वळतोच. मूळचे २०० पीएस आणि २८० न्यूटन-मीटर फक्त सॉफ्टवेअरने बरेच वर जातात आणि इंजिनाची खालची बाजू ते सहन करते. सहन होत नाही ते वर लिहिलेल्या भागांना: फॉलोअर, डायव्हर्टर वाल्व, कॉइल, डीएसजीचे क्लच. नवा फॉलोअर, नवा बेल्ट, स्वच्छ वाल्व, चारही सिलिंडरचं सारखं कॉम्प्रेशन आणि गिअरबॉक्सचं ताजं ऑइल, हे सगळं झाल्यावर किमान ५००० किलोमीटर एकही कोड न येता जाऊ द्या. त्यानंतर फॉलोअर परत काढून पाहा. काळा लेप होता तसा असेल तर मॅपिंगचा विचार करा. मध्ये चकाकी दिसायला लागली असेल तर कॅम खराब आहे, आणि पुढचा पैसा कॅमशाफ्टवर जायला हवा.